थिएटरात दाखवायला संगीतपट सुचवा: कोणते, कोणत्या क्रमाने, आणि कॉपी मागवताना काय तपासायचं?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. आमच्या फिल्म क्लबला सलग पाच संध्याकाळी संगीतावरचे किंवा संगीतमय चित्रपट थिएटरात दाखवायचे आहेत. हॉल १८० खुर्च्यांचा, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंत साधारण २२ मीटर. डिजिटल प्रोजेक्टर, ५.१ आवाज, पडदा स्कोपचा, म्हणजे खूप रुंद. खेळ पावणेतीन तासांच्या आत संपायला हवा. प्रेक्षकांत थोडे गाणं शिकलेले, बरेचसे नुसते ऐकणारे, आणि दोन दिवस शाळकरी मुलंही असतील.

गाणी चांगली आहेत अशा चित्रपटांच्या याद्या हव्या तितक्या मिळतात, त्या नकोत. घरी टीव्हीवर ज्यांचं निम्मं हरवतं आणि थिएटरात जे पुरते उमगतात असे चित्रपट हवेत, आणि तसं का होतं तेही सांगा. भाषेची अट नाही. शिवाय दोन शंका आहेत. जुने, मोनो (एकाच वाहिनीच्या) आवाजाचे चित्रपट एवढ्या हॉलमध्ये तग धरतात का? आणि कॉपी मागवताना नेमकं काय विचारायचं?

शेवटची_रांग

निवडताना एकच गोष्ट बघा: संगीत घडताना डोळ्यांना दिसतंय का, आणि जे दिसतंय ते वेगळं ऐकू येतंय का. दोन्ही असेल तर थिएटरात जाण्याचं सार्थक होतं. नुसती मागे वाजणारी गाणी कितीही गोड असोत, ती घरीही तेवढीच गोड लागतात.

या कसोटीवर पहिलं नाव 'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४). टॉकिंग हेड्स या बँडची मैफल, दिग्दर्शक जोनाथन डेमी, लांबी ८८ मिनिटं. सुरुवातीला रिकाम्या रंगमंचावर डेव्हिड बर्न एकटा येतो, सोबत गिटार आणि एक टेप. दुसऱ्या गाण्याला बास येतो, मग ड्रम, आणि असा एकेक वादक वाढत जातो. मागे कामगार चौथरे ढकलत आणत असतात, तेही लपवलेलं नाही. त्यामुळे ज्याला त्या संगीताचा गंधही नाही त्यालाही कोणता आवाज कुठून येतो ते आपोआप कळत जातं. बासची पहिली पट्टी हॉलमध्ये छातीत जाणवते. टीव्हीच्या स्पीकरातून ती जवळपास गायबच होते. प्रेक्षकांचे चेहरे डेमीने अगदी शेवटापर्यंत राखून ठेवलेत, म्हणून थिएटरातले लोकच त्या मैफलीचे प्रेक्षक होतात. २०२३ साली ४के कॉपी नव्याने थिएटरांत आली, तीच मागा. पहिल्या दिवशी हा लावा, पुढच्या चार दिवसांसाठी कान तयार होतात.

दुसरं, 'अमाडेअस' (मिलॉश फोरमन, १९८४). यातला रेक्विएमचा (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा) प्रसंग एकटा घेतला तरी निवड सार्थ ठरावी. अंथरुणाला खिळलेला मोत्सार्ट तोंडी सांगतोय आणि सालिएरी लिहून घेतोय. आधी नुसते खर्जातले पुरुष आवाज, मग टेनर (उंच पट्टीचे पुरुष आवाज), मग त्यांना दुजोरा देणारी बसून (bassoon) आणि ट्रॉम्बोन ही फुंकवाद्यं, मग ट्रम्पेट आणि नगारे, मग व्हायोलिनांचा तोच तो घुमणारा तुकडा. प्रत्येक थर आधी सुटा ऐकवलाय आणि शेवटी सगळं एकदम उसळतं. घरी आवाज मध्यम ठेवला की हे थर एकमेकांत कालवले जातात. हॉलमध्ये स्वरलिपी न वाचणाऱ्यालाही बंदिशीची बांधणी समजते. ध्यानात ठेवा, याच्या दोन आवृत्त्या आहेत: १९८४ची मूळ, १६० मिनिटांची, आणि २००२ची वाढीव, १८० मिनिटांची. तुमच्या वेळेत मूळच बसते. वाढीव आवृत्तीत मुलांसमोर नको असं एक दृश्यही आहे. मागवताना वर्ष लिहूनच कळवा, नाहीतर वितरक हाताशी असेल ती पाठवतो.

'व्हिपलॅश' (२०१४, सुमारे १०६ मिनिटं) याच जातीचा. ड्रमच्या काठीवर कट, सिम्बलवरच्या घामाच्या थेंबावर कट, संकलन अक्षरशः मात्रा मोजून केलेलं आहे. ऑस्कर मिळाले ते संकलन, ध्वनिमिश्रण आणि जे. के. सिमन्सच्या भूमिकेला, आणि तिन्ही रास्त आहेत. पण शिव्या भरपूर आहेत, मुलांच्या दिवशी नको.

मुठीतला_प्रकाश

जुन्या चित्रपटांचं आणि कॉपीचं मी सांगतो. मोनो चित्रपट हॉलमध्ये उत्तम चालतात, अट एवढीच की मोनो आवाज फक्त पडद्यामागच्या मधल्या स्पीकरातून यावा. बऱ्याच ठिकाणी 'आवाज भरला पाहिजे' म्हणून तोच आवाज डाव्या, उजव्या आणि सराउंडलाही सोडतात. मग एकच सूर चार ठिकाणांहून थोड्या थोड्या उशिराने कानावर येतो, काही स्वर फुगतात, काही मरतात, आणि गायकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. प्रोसेसरवर मोनोसाठी वेगळी सेटिंग असते, ती लावून घ्या. जुन्या ध्वनिपट्ट्या वरच्या पट्टीचे आवाज मुद्दाम उतरवणाऱ्या स्पीकरांसाठी बनवलेल्या होत्या. आजच्या स्पीकरावर त्या तशाच वाजवल्या तर खरखर आणि 'स' 'श' टोचतात. चांगल्या डीसीपीत (थिएटरसाठीच्या डिजिटल कॉपीत) हे आधीच सावरलेलं असतं, स्वस्तातल्या कॉपीत नसतं.

दुसरं चौकटीचं. १९५३ पूर्वीचे बहुतेक चित्रपट १.३७:१ चे, म्हणजे जवळपास चौकोनी. तुमचा पडदा २.३९:१ चा. उंची पुरी वापरली तरी चित्र पडद्याच्या ५७ टक्के रुंदीतच बसणार आणि दोन्ही बाजूंना काळं राहणार. ते तसंच राहू द्या. पडदा भरावा म्हणून चित्र मोठं केलं की वरून डोकी आणि खालून पावलं कापली जातात, आणि नृत्याच्या चित्रपटात पावलंच गेली तर उरलं काय? 'सिंगिन इन द रेन' (१९५२, १०३ मिनिटं) याच चौकटीचा आहे आणि मुलांसाठी तुम्हाला यापेक्षा चांगला मिळणार नाही. जीन केली आणि डोनाल्ड ओकॉनर यांना कॅमेरा डोक्यापासून टाचेपर्यंत धरून ठेवतो, कट कमी, जे काही होतं ते शरीराने होतं. मूकपट संपून बोलपट आले तेव्हा माइक कुठे लपवायचा, आवाज आणि ओठ कसे जुळवायचे, हाच त्याचा विषय, म्हणून आवाज नीट लावलेल्या हॉलमध्ये तो दुप्पट रंगतो. कडेची मास्किंगची कापडं सरकत असतील तर चित्राच्या कडेपर्यंत आणून ठेवा, काळ्या पट्ट्या मग डोळ्यात येत नाहीत.

कॉपी मागवताना हे विचाराच:

– डीसीपी आहे का, २के की ४के, आणि किती फ्रेमची. संगीतपटाला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमवर चित्रित होतो. टीव्हीसाठी केलेल्या काही जुन्या प्रतींमध्ये तो २५ वर पळवलेला असतो आणि त्यावरूनच पुढची कॉपी काढलेली असते. वेग चार टक्के वाढतो, १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत आटोपतो, आणि पट्टी चढते: पांढरी एकचा षड्ज काळी एकच्या वाटेवर जवळपास पाऊण अंतर पुढे जातो. गायकाचा आवाज किंचित पोरकट आणि घाईचा वाटतो आणि का ते कुणाला सांगता येत नाही. तेव्हा मूळ लांबी आणि कॉपीची लांबी मिनिटांत ताडून पाहा, चोरी लगेच पकडली जाते.

– उपशीर्षकं कोणत्या भाषेत आहेत, आणि गाण्यांनाही आहेत का. संवादांना देऊन गाणी कोरी सोडलेल्या प्रती पुष्कळ असतात.

– फाइल कुलूपबंद असेल तर केडीएम किल्ली कधीपासून चालू होते. ती ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक तासांसाठीच असते. खेळाच्या तासभर आधीची किल्ली मिळाली तर आवाजाची चाचणी घेताच येत नाही. आदल्या सकाळपासूनची मागा.

खर्ज_७०

आपल्याकडच्या संगीताचं कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते. टीव्हीवर त्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते तानपुऱ्यामुळे. काळी एकच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ७० हर्ट्झच्या जवळपास असते. टीव्हीतले बारीक स्पीकर तिथवर उतरतच नाहीत, आपल्याला फक्त वरचे स्वर झिणझिणताना ऐकू येतात. गाणं मग अधांतरी वाटतं.

म्हणून 'द डिसायपल' (चैतन्य ताम्हाणे, २०२०). मराठी चित्रपट, व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळालेला. नायक आदित्य मोडक स्वतः गाणारा, त्यामुळे गळा आणि ओठ यांत कुठे फट नाही. मैफली दुरून, एकाच लांब शॉटमध्ये घेतल्यात. तान फसते तेव्हा कॅमेरा जवळ जाऊन तुम्हाला सांगत नाही, तुमचं तुम्हाला ऐकावं लागतं. रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकल संथ गतीत चाललेली, खाली तानपुरा, वर माईंच्या (नायकाच्या गुरूंच्या गुरू) जुन्या टेपमधला आवाज (तो सुमित्रा भावे यांचा) ही दृश्यं म्हणजे तर हॉलसाठीच केलेली आहेत. शिकलेल्यांना हा चित्रपट चटका लावून जाईल. न शिकलेल्यांसाठी आधी पाच मिनिटं बोला: आलाप म्हणजे काय आणि नायक नेमका कुठे अडतोय, एवढं पुरे. काही दृश्यं फक्त मोठ्यांसाठी आहेत. ओटीटीवर गेलेल्या चित्रपटाचे थिएटरचे हक्क वेगळे असतात, तेव्हा जाहिरात छापण्याआधी लेखी परवानगी घ्या.

'जलसाघर' (सत्यजित राय, १९५८) मात्र सोडूच नका. संगीत विलायत खाँ यांचं, बेगम अख्तर पडद्यावर बसून गातात, आणि शेवटच्या जलशात रोशन कुमारी यांचं कथक. मोनो, कृष्णधवल, लांबी शंभर मिनिटांच्या आसपास. राय मैफलीत कट मारून पळत नाहीत. गाणाऱ्याइतकेच ऐकणारे दाखवतात: कुणाची मान डुलते, कुणी उगाच डुलवतो, कुणाचं लक्ष दारूकडे. लयीची जाण असलेला प्रेक्षक त्या नृत्यात समेवर आपोआप मान देतो आणि हॉलभर ती लाट पसरते. आवाज मात्र चढवू नका. हा दिवाणखान्यातला जलसा आहे, स्टेडियम नाही.

मुलांसाठी दुसरा दिवस असेल तर 'गुपी गाइन बाघा बाइन' (१९६९), हाही रायांचाच. यातला भुतांचा नाच साडेसहा मिनिटांचा आहे. भुतांच्या चार जाती आणि प्रत्येक जातीला वेगळं तालवाद्य: मृदंग, घटम, कंजिरा, मोरसिंग. आधी वेगवेगळे, मग झुंजत. खेळाआधी मुलांना ही चार वाद्यं दाखवली किंवा नुसती ऐकवली तरी कोणतं भूत नाचतंय ते ती डोळे मिटून ओळखतील.

शेवटची_रांग

@खर्ज_७० 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) मुद्दाम गाळलंत का? जितेंद्र अभिषेकींची नाट्यपदं, सोबत शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी, राहुल देशपांडे आणि महेश काळे यांचे गळे. हॉल हमखास भरेल.

खर्ज_७०

चित्रपट आवडता आहे आणि हॉल भरेल हेही खरं. पण प्रश्न थिएटरात काय उलगडतं हा होता. यात गाण्यांभोवती वाद्यमेळ आणि घुमारा इतका दाट आहे की दोन घराण्यांच्या गायकीतला फरक, जो या कथेचा कणा आहे, तो त्यात बुजतो. १९६७च्या नाटकात साथीला मोजकी वाद्यं, फरक लख्ख कळायचा. तरीही शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकत्र आणायचं असेल तर जरूर लावा, फक्त फेडर (आवाज कमी-जास्त करायची कळ) नेहमीपेक्षा एक आकडा खाली.

मुठीतला_प्रकाश

फेडरचं निघालंच आहे तर. संदर्भ पातळी ७ धरलेली असते. ४ ते १० या टप्प्यात एक आकडा म्हणजे सुमारे ३.३ डेसिबल, म्हणजे ७ वरून ५ वर आणलं की जवळपास ६.७ डेसिबल कमी. ४ च्या खाली उतार फार तीव्र असतो, तिथे जाऊ नका, गाण्यांतले शब्दच जातात. 'व्हिपलॅश' आणि 'स्टॉप मेकिंग सेन्स' ६ ते ६.५ वर पुरेसे जोरकस लागतील. मोनो चित्रपटांना बहुधा ५.५ ते ६, पण हा आकडा कानाने ठरवा. हॉल रिकामा असताना ठरवलेला आवाज भरल्यावर मंद वाटतो, माणसं आणि कपडे विशेषतः वरच्या पट्टीचे आवाज शोषून घेतात. साधारण पाव-अर्धा आकडा हातचा ठेवा.

चाचणी वीस मिनिटांत उरकते. प्रत्येक चित्रपटातला एक हळू संवाद, एक सगळ्यात मोठं गाणं आणि एक जिथे वाजवणाऱ्याचा हात आणि आवाज दोन्ही स्पष्ट आहेत असा तुकडा. तिन्ही तुकडे तीन जागांवरून ऐका: पुढून तिसरी रांग, मागून दुसरी, आणि पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर बरोबर मध्ये. मिश्रण करणारे साधारण त्याच मधल्या जागी बसून काम करतात, तेव्हा ती जागा प्रमाण धरा.

हात आणि आवाज जुळत नसतील तर आधी गणित करा. आवाज एका फ्रेमच्या वेळात १४ मीटर जातो. तुमच्या मागच्या भिंतीशी तो दीड फ्रेम उशिरा पोचणारच, तो दोष नाही. पण मधल्या जागीही काठी आधी आणि ठोका मागून असं दोन-तीन फ्रेमचं अंतर असेल तर प्रोसेसरमधला विलंब चुकलाय. तो ऑपरेटरकडून मिलिसेकंदांत दुरुस्त करून घ्या, एक फ्रेम म्हणजे ४१.७ मिलिसेकंद.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. कच्ची यादी अशी: पहिला दिवस 'स्टॉप मेकिंग सेन्स', दुसरा 'सिंगिन इन द रेन' (मुलं), तिसरा 'जलसाघर', चौथा 'गुपी गाइन बाघा बाइन' (मुलं), पाचवा 'अमाडेअस'. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) आणि 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर' यांचाही आग्रह होतोय. काय करू?

शेवटची_रांग

पाचांत तीन मोनो आणि त्यातले दोन एकाच दिग्दर्शकाचे, हे मला खटकतं. पण मुलांचा दिवस हलवता येत नसेल तर 'गुपी' ठेवा आणि 'जलसाघर'च्या जागी 'द डिसायपल' घ्या. @खर्ज_७० रागावतील, तरी मधला सोडून हॉलचे बाकीचे स्पीकर निम्मा आठवडा गप्प बसू नयेत.

'शेरबूर' (जाक देमी, १९६४, ९१ मिनिटं) मात्र खरोखर थिएटरचाच. यात एकही वाक्य बोललं जात नाही. गॅरेजमधला मेकॅनिक गाडीचं इंजिन तपासतो तेही गाऊन. मिशेल लग्रां यांचं संगीत अखंड वाहतं, आणि घरी मध्ये उठलं, फोन बघितला, की तो धागा तुटतो तो पुन्हा जुळत नाही. भिंतींच्या कागदाचे रंग आणि कपड्यांचे रंग एकमेकांशी बोलतात, म्हणून जुनी लालसर पडलेली प्रत चालणार नाही, नव्याने दुरुस्त केलेलीच हवी. सबटायटल सलग दीड तास वाचायचे आहेत, तेव्हा पहिल्या दोन रांगा रिकाम्या ठेवा.

खर्ज_७०

रागावत नाही, पण 'जलसाघर' काढून 'गुपी' ठेवणं म्हणजे पहिली मैफल रद्द करून लहान मुलांचा कार्यक्रम वाचवणं आहे. 'सिंगिन इन द रेन' दोन्ही मुलांच्या दिवशी दाखवा, वेगवेगळ्या शाळांची मुलं असतील तर काहीच बिघडत नाही, आणि 'जलसाघर' जागेवर राहतो.

मुठीतला_प्रकाश

'वेस्ट साइड स्टोरी' १५२ मिनिटांची, तुमच्या वेळेत बसते आणि ७० मिमीवर चित्रित असल्याने पडद्यावर देखणी दिसते. घेतलीत तर ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा: सुरुवातीची काही मिनिटं पडद्यावर फक्त उभ्या रेघा दिसतात, मागचा रंग बदलत राहतो आणि नुसतं वाद्यसंगीत चालू असतं. ती ओव्हर्चर आहे. फाइल अडकली समजून कुणी ती पुढे ढकलली की त्या रेघांतून मॅनहॅटन उगवतं तो क्षणच हातचा जातो. हॉलचे दिवे ओव्हर्चर सुरू होण्याआधी पूर्ण बंद असावेत.

मध्यंतराचंही ठरवून टाका. १०५ मिनिटांच्या आतल्या चित्रपटांना देऊच नका. 'अमाडेअस'ला द्यायचं झालं तर तुमच्या वेळेत जेमतेम पाच मिनिटांचं बसतं, आणि तेही घड्याळ बघून नाही, आदल्या दिवशी चित्रपट पाहून संगीताचा तुकडा पूर्ण संपतो ती जागा शोधा आणि तिचा टाइमकोड ऑपरेटरला लिहून द्या. सर्व्हरवर तिथे थांबा आधीच टाकून ठेवता येतो, मग ऐन वेळी कुणाला बटण दाबावं लागत नाही.